लष्करी पद्धतीची सॅक आणि जड ओझं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोर, क्लाइंबिंगचं हार्डवेअर, दोन-तीन दिवसांचं पाणी, कॅमेरा आणि लेन्स, किंवा गडसंवर्धनाचं सामान. असलं काहीतरी घेऊन २० किलोच्या आसपास ओझं पाठीवर वाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. एका मुक्कामाला सात-आठ किलो नेणाऱ्यांनी लष्करी सॅकच्या नादी लागू नये. त्यांना ट्रेकिंगची साधी सॅक हलकीही पडेल आणि स्वस्तही.

लष्करी सॅक साध्या सॅकपेक्षा जास्त वजन पेलते, हे खरं का?

कापड पेलतं. पाठ पेलेलच असं नाही.

१००० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्ड्युरा नायलॉन, जाड नवार, ताण येतो तिथे बारटॅकची दाट शिवण, यामुळे सॅक लवकर फाटत नाही. पण ओझं खांद्यावरून कमरेवर उतरवतात ती फ्रेम आणि कंबरपट्टा, आणि बऱ्याच लष्करी सॅकमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी बेताच्या असतात. त्यालाही कारण आहे. ब्रिटिश सैनिकाच्या कमरेला आधीच दारूगोळा, पाणी आणि खाण्याच्या पाऊचनी भरलेला पट्टा असतो. त्याच्या बर्गन सॅकचा 'शॉर्ट बॅक' प्रकार त्या पट्ट्याच्या वर बसावा म्हणूनच आखूड ठेवलेला आहे. अमेरिकी सैनिकाच्या अंगात चिलखती जॅकेट असतं आणि पट्टे त्यावरून जातात. थोडक्यात, ही सॅक ज्याच्यासाठी शिवली त्याच्या अंगावर आणखी बरंच काही असतं. तुम्ही ती टी-शर्टवर चढवणार. म्हणून ती आहे तशी वापरायची नाही, स्वतःच्या अंगाला बसेल अशी करून घ्यायची.

रिकाम्या सॅकचं वजनही बघा. फ्रेमची मोठी लष्करी सॅक रिकामीच तीन-चार किलोची भरते. तेवढ्याच आकाराची ट्रेकिंगची सॅक दोन किलोच्या आसपास असते. हा वरचा भार तुम्ही कशासाठी घेताय, याचं उत्तर आधी स्वतःला द्या. कातळावर घासणार, दोराने ओढून वर घेणार, दहा वर्षं वापरणार, अशी उत्तरं असतील तर ठीक. दिसते भारी, हे उत्तर पहिल्या चढावर संपतं.

ॲलिस, मॉली, बर्गन ही नावं सारखी ऐकू येतात. यांत फरक काय?

ॲलिस ही अमेरिकी सैन्याने १९७३ मध्ये स्वीकारलेली पद्धत. अॅल्युमिनियमच्या नळ्यांची बाहेरची फ्रेम आणि तिच्यावर चढवलेली पिशवी. मीडियम साधारण ३८ लिटरची, लार्ज साधारण ६२ लिटरची. मीडियम फ्रेमशिवायही वापरता येते, लार्जला फ्रेम लागतेच. पाठ आणि पिशवी यांच्यामध्ये हवा खेळते, ही आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात चैन वाटावी अशी गोष्ट. मूळचे खांद्याचे पट्टे आणि कंबरपट्टा मात्र पातळ, आणि फ्रेमची लांबी ठरलेली. उंच माणसाच्या कमरेपर्यंत तो पट्टा पोचतच नाही.

मॉली १९९७ ची. तिची मोठी सॅक बाजूच्या पाऊचसकट ८० लिटरच्या थोडी वर जाते आणि तिची फ्रेम टणक प्लास्टिकची आहे. सुरुवातीच्या फ्रेम तुटतात अशी ओरड सैनिकांकडूनच झाली, मग त्या सुधारल्या. म्हणून जुनी घेताना फ्रेमच्या कोपऱ्यांवर आणि पट्टे ओवायच्या फटींच्या कडांवर नख फिरवून बघा. केसाएवढा तडा असला तरी ती फ्रेम नको. कंबरपट्टा आणि खांद्याचे पट्टे ॲलिसपेक्षा कितीतरी बरे.

बर्गन ब्रिटिश. बाजूच्या दोन पाऊचसकट सुमारे १२० लिटर. ते पाऊच चेनने सुटे होतात आणि एकमेकांना जोडून त्यांची दिवसभराची छोटी सॅक करता येते, ही फार उपयोगी युक्ती आहे. घेतलीच तर 'लाँग बॅक' घ्या. आणि १२० लिटर आहेत म्हणून १२० लिटर भरू नका. मोकळी जागा दिसली की तीत काहीतरी कोंबायची खोड आपल्या सगळ्यांनाच असते.

याशिवाय सैन्यासाठी आणि नागरिकांसाठी एकाच हाताने सॅक शिवणाऱ्या कंपन्या आहेत. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली मिस्टरी रँच त्यांपैकी नावाजलेली. तिच्या सॅकमध्ये खांद्याचं जोखड वरखाली सरकवून पाठीच्या लांबीला जुळवता येतं. खिसा परवानगी देत असेल तर पुढची निम्मी प्रश्नोत्तरं तुम्हाला लागणारच नाहीत.

ऑनलाइन मिळणारी ४५ लिटरची 'टॅक्टिकल' बॅग चालेल का?

आठ-दहा किलोपर्यंत चालेल. त्यापुढे नाही, कारण तिच्यात फ्रेमच नसते. भरली की ती पिंपासारखी फुगते, पाठीला फक्त मधोमध टेकते आणि सगळं वजन खांद्यांना लोंबतं.

घेऊन बसलाच असाल तर सुधारता येते. पाठीकडच्या कप्प्यात दीड-दोन मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा (कडक प्लास्टिकचा) पत्रा कापून सरकवा आणि त्यावर २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड अशा अॅल्युमिनियमच्या एक किंवा दोन पट्ट्या आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवून बसवा. टोकं घासून गोल करा आणि त्यांवर जाड नवारीची टोपी शिवा, नाहीतर महिनाभरात पट्टी कापडातून बाहेर डोकावेल. एवढं करून ती बॅग १२-१३ किलो नीट नेते. त्याहून जास्तीची अपेक्षा त्या शिवणीकडून ठेवू नये.

पाठीचं माप कसं घ्यायचं?

उंचीवरून ठरवू नका. पाच फूट आठ इंचाच्या दोन माणसांच्या पाठी सारख्या नसतात.

मान खाली घाला, मानेच्या मुळाशी जो मणका उठून दिसतो तिथे टेपचं एक टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. अंगठे कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर आले की ते जोडणारी आडवी रेघ जिथे मणक्याला छेदते तिथे दुसरं टोक. टेप पाठीच्या बाकाला धरून न्यायची, ताणायची नाही. दुसऱ्या कुणाची तरी मदत घ्या. हे माप आणि सॅकच्या कंबरपट्ट्याच्या मध्यापासून खांद्याचे पट्टे सुटतात तिथपर्यंतचं अंतर जवळपास जुळायला हवं.

दुकानात पंधरा किलो वजन टाकून सॅक चढवा. कंबरपट्टा हाडाच्या काठावर आवळा आणि खांद्याचे पट्टे पूर्ण सैल सोडा. ओझं कमरेवर टिकलं तर सॅक तुमची. घसरून ढुंगणावर आलं तर ती कितीही सवलतीत मिळू दे, ठेवून द्या.

जास्तीत जास्त किती वजन न्यावं?

धडधाकट, सराव असलेल्या माणसाने स्वतःच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश. ७० किलोच्या माणसाला म्हणजे १७ ते २३ किलो, सॅकच्या वजनासकट. अमेरिकी सैन्याच्या १९९० च्या नियमपुस्तिकेत लढाईच्या वेळी सुमारे २२ किलो आणि कूच करताना सुमारे ३३ किलो अशी मर्यादा सुचवलेली आहे. प्रत्यक्षात सैन्यं ती सर्रास ओलांडतात. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश रॉयल मरीन्सनी ३६ किलोच्या आसपास ओझं घेऊन तीन दिवसांत सुमारे ९० किलोमीटर चाल केली. हा किस्सा सांगून ३५ किलोची सॅक भरणारे लोक भेटतात. ते मरीन्स त्यासाठी वर्षानुवर्षं तयार झालेले होते आणि त्यांना दुसरा पर्याय नव्हता. आपल्याला दोन फेऱ्या मारायचा पर्याय असतो.

वजन कुठे जातं ते मोजून बघा. १०.५ मिलिमीटरचा ५० मीटर दोर साडेतीन किलोच्या आत-बाहेर. उन्हाळ्यात टाकी आटलेल्या गडावर मुक्काम असेल तर माणशी पाच-सहा लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो. एवढ्यातच नऊ झाले, आणि तंबू, शिधा, हार्डवेअर अजून जमिनीवरच आहे. सॅक बदलण्याआधी यादी बदलता येते का ते बघा.

सरप्लसची, म्हणजे सैन्याने विकायला काढलेली सॅक खरी की नक्कल, कसं ओळखायचं?

पुण्याच्या जुन्या बाजारापासून दिल्ली कँटोन्मेंटच्या गोपीनाथ बाजारापर्यंत लष्करी धाटणीचा माल भरपूर दिसतो. त्यातला बराचसा फक्त धाटणीचा असतो.

खऱ्या मालाच्या आत लेबल असतं आणि त्यावर तेरा आकडी साठा क्रमांक. सॅक आणि पट्ट्यांसारख्या वैयक्तिक साहित्याचा हा क्रमांक ८४६५ ने सुरू होतो. त्यापुढचे दोन आकडे देश सांगतात: ०० किंवा ०१ असतील तर अमेरिका, ९९ असतील तर ब्रिटन. लेबलही नकली छापता येतं, म्हणून शिवण बघा. पाऊच अडकवायला मॉलीवर शिवलेल्या आडव्या पट्ट्या २५ मिलिमीटर रुंद, दोन पट्ट्यांमध्ये तेवढंच अंतर, आणि दर ३८ मिलिमीटरवर उभी शिवण. नकलेत ही मापं चुकतात आणि मग दुसरीकडून आणलेला पाऊच बसत नाही. बक्कल दाबून बघा, चेनचा रनर ओझं भरल्यावर फिरवून बघा.

जुन्या सॅकचा आतला थर हाताला चिकट लागला किंवा आंबूस वास आला तर पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने विघटित व्हायला लागलाय असं समजा. कोकणात आणि मुंबईत हे हमखास होतं. कापड अजून मजबूत असू शकतं, पण पाणी अडवायचं त्याचं काम संपलं.

घेतल्यावर पहिला बदल कोणता करावा?

कंबरपट्टा. मग खांद्याचे पट्टे. पाऊच, पॅच आणि झेंडे सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट्या क्रमाने पैसे घालवतात.

ॲलिसवाल्यांसाठी एक जुना, पारखलेला जोड आहे: ॲलिसची पिशवी आणि फ्रेम तशीच ठेवून तिला मॉलीचे खांद्याचे पट्टे आणि मॉलीचा कंबरपट्टा लावायचा. परदेशातले हौशी याला 'हेलकॅट' म्हणतात. ॲलिसची हवा खेळती राहते आणि मॉलीची गादी मिळते. नातेवाईक अमेरिकेत असतील तर पूर्ण सॅक मागवण्यापेक्षा हे दोन सुटे भाग मागवा. सामानात सहज मावतात.

पट्टा इथेच शिवून घ्यायचा असेल तर शाळेची दप्तरं दुरुस्त करणाऱ्यापेक्षा ताडपत्री, गाडीची सीटं किंवा मोठ्या बॅगा शिवणारा गाठा. त्याच्याकडे जाड कापडाचं मशीन असतं. दोरा बाँडेड नायलॉनचा, टेक्स ७० (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप) च्या आसपास. सुती दोरा घामाने आणि पावसाने कुजतो. फोम दोन थरांत हवा, बाहेरून कडक ईव्हीए आणि अंगाकडून मऊ. नुसता मऊ फोम दुकानात छान वाटतो आणि २० किलोखाली पापडासारखा चपटा होतो. पट्टा कमरेच्या हाडांवर दहा सेंटिमीटरच्या आसपास रुंद असावा, पुढे निमुळता. आणि तो फ्रेमला बांधला जावा, पिशवीच्या कापडाला नाही. हे कारागिराला दोनदा सांगा, कारण त्याच्या हाताला कापडावर टीप मारायची सवय असते.

खांद्याच्या पट्ट्यांना वरून फ्रेमकडे जाणारे छोटे पट्टे, म्हणजे लोड लिफ्टर, असतील तर उत्तम. आवळल्यावर ते साधारण ४५ अंशात वर जायला हवेत. आडवे झोपत असतील तर फ्रेम तुम्हाला आखूड आहे आणि ते कितीही खेचले तरी उपयोग नाही.

छातीचा पट्टा शिवून घ्यायची गरज नाही, खांद्याच्या पट्ट्यांवर सरकवून बसवायचे तयार मिळतात. ॲलिसची फ्रेम चालताना कुरकुरते, त्याला सांध्यांवर सुती चिकटपट्टी गुंडाळणं पुरतं. एखादं बक्कल जास्तीचं ठेवा, ज्याच्या दांडीला चीर असते ते. न उसवता, न शिवता जागेवरच बदलता येतं. पट्ट्यांची लोंबती टोकं लगेच कापू नका. थंडीत जॅकेटवरून सॅक चढवताना ती लागतात. गुंडाळून इलॅस्टिकमध्ये अडकवा. कापलीच तर टोक लायटरने वितळवून घ्या.

मॉलीचे पाऊच किती आणि कुठे लावावेत?

जितके कमी तितके बरे. पाठीमागे लावलेला प्रत्येक पाऊच वजन अंगापासून लांब नेतो आणि तुम्हाला मागे खेचतो. हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्यांवर हे मागे खेचणं नुसतं त्रासदायक राहत नाही. बाजूचे फुगीर पाऊच कारवीत अडकतात आणि घळीत घासतात.

माझ्या मते दोन पुरेत. एक कंबरपट्ट्यावर, खाऊ-मोबाइलसाठी. एक बाजूला, प्रथमोपचारासाठी, सॅक न उघडता हाताला येईल असा.

लावायची पद्धत: पाऊचची पट्टी सॅकच्या एका आडव्या पट्टीखालून न्यायची, मग पाऊचच्या स्वतःच्या पट्टीखालून, परत सॅकच्या खालच्या पट्टीतून. अशी विण हवी. बरेच जण पाऊचची पट्टी सॅकच्या सगळ्या पट्ट्यांतून सरळ खाली सोडतात. तेवढ्याने पाऊच राहतो, पण चालताना डुलतो आणि शिवणी उसवतो.

गडावर पाण्याचे कॅन आणि बांधकामाचं सामान न्यायला यातलं काही उपयोगी आहे का?

आहे, आणि खरं तर लष्करी सॅकचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. पिशवी काढून टाका, नुसती फ्रेम वापरा. ॲलिसच्या फ्रेमला खालच्या बाजूला बसवायचा धातूचा शेल्फ मिळतो. तो मुळात रेडिओ आणि पाण्याच्या कॅनसारखं सामान न्यायलाच केला होता. कॅन शेल्फवर ठेवा, दोन आडव्या आणि एका उभ्या पट्ट्याने फ्रेमला आवळा. रबरी दोऱ्या नकोत, त्या ताणतात आणि ओझं हलत राहतं.

२० लिटरचा कॅन अर्धा भरून नेण्यापेक्षा १० लिटरचे दोन काठोकाठ भरून न्या. अर्ध्या कॅनमध्ये पाणी हिंदकळतं आणि अवघड जागी नेमका तोल जातो. सिमेंटची ५० किलोची गोणी एकट्याने पाठीवर घ्यायचा विचारही नको. खालीच १५-१५ किलोच्या जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत वाटून घ्या. स्वयंसेवक आणखी मिळतात, पाठ एकच असते.

सामान कसं भरावं?

स्लीपिंग बॅग तळाशी. दोर, पाणी, शिधा असं जड सामान पाठीला चिकटून, खांद्यांच्या मागच्या चपट्या हाडांच्या उंचीवर. हलकं बाहेरच्या बाजूला. सपाट वाटेवर जड सामान थोडं वर असलेलं बरं, चालताना कमी वाकावं लागतं. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर असतात तसे धोंडे चढायचे असतील तर तेच थोडं खाली आणा म्हणजे तोल सुटत नाही. डावं-उजवं वजन सारखं. ओढा किंवा नदी ओलांडताना कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा. पडलात तर सॅकमधून सुटता आलं पाहिजे.

पावसाळ्यात लष्करी सॅक भिजत नाही ना?

भिजते. ॲलिसच्या तळाला तर पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत. सह्याद्रीतल्या जुलैच्या पावसापुढे रेनकव्हरही पाठीकडून येणारं पाणी थांबवत नाही. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान त्यात, तोंड पीळ देऊन दुमडून बांधा. कॅमेऱ्याला वेगळी ड्राय बॅग. घरी आल्यावर सॅक साध्या पाण्याने हाताने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. वॉशिंग मशीन नको, आणि ओली सॅक माळ्यावर तर अजिबात नको.

चालताना हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. काळजीचं आहे का?

दुर्लक्ष करू नका. खांद्याच्या पट्ट्याखाली मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा दाबला जातो. सैनिकांमध्ये हे इतकं आढळतं की वैद्यकात त्याला 'रकसॅक पाल्सी' असं नाव आहे, आणि फ्रेम व कंबरपट्टा असेल तर ते कमी होतं. थांबा, सॅक उतरवा, वजन कमरेवर घेऊन पुन्हा पट्टे लावा, छातीचा पट्टा थोडा सैल करा. तासाभराने पाच मिनिटं सॅक उतरवायची शिस्त ठेवा. हात वर उचलताना अशक्तपणा जाणवत असेल किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरांकडे जा.

बाईच्या अंगाला या सॅक बसतात का?

बऱ्याचदा नाही. जुन्या लष्करी सॅकचे खांद्याचे पट्टे अरुंद खांद्यांवरून बाहेर घसरतात आणि कंबरपट्टा पूर्ण आवळूनही सैल राहतो. पाठीची लांबी जुळवता येणारी सॅक घ्या, किंवा स्त्रियांसाठी घडवलेला ट्रेकिंग सॅकचा कंबरपट्टा फ्रेमला बसवून घ्या.

कॅमोफ्लाज रंगाची घेतली तर कायद्याची अडचण येते का?

सरळ खाकी, काळी किंवा करडी घ्या आणि विषय संपवा. भारतीय सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये आणलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची नोंदणी झालेली आहे आणि ती बाजारात विकायला परवानगी नाही. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर २०१६ मध्येही सैन्याने नागरिकांना लढाऊ गणवेशासारखे कपडे वापरू नका असं आवाहन केलं होतं. सैनिक आहोत असं भासवण्याच्या हेतूने तसा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. सॅकवर कुठल्याही रेजिमेंटचा बिल्ला लावू नका. सीमेजवळच्या भागात तुमची सॅक नाक्यावर उघडली जाईल ते वेगळंच.

परदेशात काही ठिकाणी नियम याहून कडक आहेत. बार्बाडोसमध्ये नागरिकांना, अगदी लहान मुलांनाही, कॅमोफ्लाज घालायला बंदी आहे. वेस्ट इंडीजला क्रिकेट बघायला जाणाऱ्यांनी ही सॅक घरीच ठेवावी.

जड ओझ्याचा सराव कसा करावा?

हिमालयात जायच्या आधी पुण्यातली मंडळी पाठीवर वजन घेऊन सिंहगड चढतात, तीच पद्धत चांगली. दहा किलोपासून सुरुवात, दर आठवड्याला एक-दोन किलो वाढ, आणि अंतर व वजन एकाच वेळी वाढवायचं नाही. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. माथ्यावर पाणी झाडांना घाला आणि हलकी सॅक घेऊन उतरा. गुडघ्यांची खरी वाट उतारावर लागते.

लेह-लडाखला विमानाने जाताना ही सॅक कशी न्यावी?

देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक विमान कंपन्या १५ किलोपर्यंत सामान चेक-इनला घेतात, त्यात चार किलो तुमची सॅकच खाते. कंबरपट्टा उलटा फिरवून सॅकच्या पुढच्या बाजूने बांधा, सगळे पट्टे आत खोचा आणि सॅक गोणपाटात किंवा मोठ्या डफलमध्ये घाला. लोंबते पट्टे विमानतळावरच्या सामानाच्या सरकत्या पट्ट्यात अडकून बक्कल तुटतात. ॲलिसची फ्रेम सोडवून पिशवीच्या आत उभी ठेवली तर आणखी चांगलं. चाकू आणि पिटॉन (कातळात ठोकायचे खिळे) चेक-इनमध्ये, पॉवर बँक केबिनमध्ये. स्टोव्हचा गॅस कुठेच चालत नाही, तो लेहच्या बाजारात घ्या.